आधी भरती बघा, मग घराबाहेर पडा: मुंबईचा समुद्र पहिल्यांदाच फिरणाऱ्यांसाठी

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात लातूरहून मामा-मामी आणि त्यांची दोन पोरं आली होती. मी पडलो जन्माचा मुंबईकर, त्यामुळे छाती फुगवून सांगितलं की उद्या हाजी अली दाखवतो, दुपारी बाराला पोचू, मग जवळच महालक्ष्मी. पोचलो तर दर्ग्याचा पांढरा घुमट समोर, इकडे वाटेचं सुरुवातीचं टोक समोर, आणि मधे नुसतं पाणी. वाट गायब. मामाने टोपी काढून घाम पुसला आणि म्हणाला, "भाच्या, रस्ता कुठाय रे?" बाजूचा फुलवाला हसून म्हणाला, आज पौर्णिमा आहे ना, तीन वाजता या. बुद्धपौर्णिमेची सुट्टी म्हणूनच आम्ही निघालो होतो आणि पौर्णिमेला भर दुपारी भरती असते एवढं मला, इतकी वर्षं या शहरात राहून, माहीत नव्हतं. ज्यूस पीत तीन वाजेपर्यंत बसलो. खरंच वाट उघडली, ओली चकचकीत, कडेला शेवाळ, आणि मामीचा पाय घसरता घसरता वाचला.

तेव्हापासून कोणी पाहुणे येणार असले की मी आधी कॅलेंडर बघतो. हा लेख त्याच हिशोबाने लिहितोय. मुंबईत नवीन आला असाल, शिकायला, नोकरीला किंवा चार दिवस फिरायला, तर समुद्राकाठच्या जागा कशा क्रमाने आणि मुख्य म्हणजे कधी बघायच्या ते सांगतो. जागांच्या याद्या कुठेही मिळतात, वेळ कोणी सांगत नाही.

स्टेप १: भरतीचं गणित शिका (पाच मिनिटं लागतात)

दिवसात दोनदा भरती, दोनदा ओहोटी. एका भरतीपासून पुढच्या ओहोटीपर्यंत साधारण सव्वासहा तास. आणि रोज ही वेळ पाऊण-एक तासाने पुढे सरकते, म्हणून काल चार वाजता किनारा मोकळा होता म्हणजे पुढच्या आठवड्यातही चार वाजता मोकळा असेल असं अजिबात नाही, उलट तेव्हा पाणी पार भिंतीला लागलेलं असेल.

फोनमध्ये भरतीचे तक्ते दाखवणारी ॲप आहेत, ते बघाच. पण किनाऱ्यावरच्या जुन्या लोकांचा हिशोब त्याहून सोपा आहे: तिथीची पाऊणपट करायची. भिंतीवरचं कालनिर्णय बघा, आज चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमारास. अष्टमी असेल तर सहा. एकादशीला सव्वाआठ. सकाळी पण तेवढीच आणि रात्री पण तेवढीच, बारा तासांच्या फरकाने. पंधरवडा शुक्ल असो की कृष्ण, हिशोब तोच. अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतो, कधी तासभर, त्यामुळे लाँच पकडायची असेल तर ॲप बघा, पण भेळ खायला जायचं असेल तर तिथी पुरते.

दुसरी गोष्ट, सगळ्या भरत्या सारख्या नसतात. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप वर चढतं आणि ओहोटीला तितकंच लांब मागे जातं. सप्तमी-अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा पाणी धड चढतही नाही आणि धड उतरतही नाही. आमच्या मासेवाल्या मावशी टोपली उतरवतानाच सांगतात, "आज भांग हाय, मावरा कमीच." मला आधी वाटायचं भाव वाढवायचं निमित्त आहे. (थोडं तेही असतं.)

आता हे जुळवून बघा. पौर्णिमेला भरती दुपारी बाराला, म्हणजे ओहोटी संध्याकाळी सहाला, म्हणजे सूर्यास्ताच्या वेळी चौपाटी सगळ्यात रुंद. अष्टमीला उलटं, संध्याकाळी सहाला पाणी आत आलेलं आणि दुपारी बाराला ओहोटी, तेव्हा वाळू मोकळी असते पण पाय भाजतात. नुसतं एवढं लक्षात ठेवलंत तरी माझ्यापेक्षा शहाणे ठराल.

स्टेप २: महिना

नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात चांगले. मार्चपासून घाम. मेमध्ये सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर, मधल्या वेळात घरी बसा. सूर्य डिसेंबरात सहाच्या सुमारास मावळतो आणि जूनमध्ये सव्वासातच्या पुढे, त्यामुळे "ऑफिस सुटल्यावर सूर्यास्त बघू" हा प्लॅन हिवाळ्यात जमत नाही.

पावसाळ्याचं वेगळं सांगायला हवं, कारण बाहेरून येणाऱ्यांना मुंबईचा पाऊस आणि लाटा बघायची भारी हौस असते, आणि ती हौस बरोबरच आहे, फक्त लांबून. महापालिका दर वर्षी साडेचार मीटरहून उंच भरतीच्या दिवसांची यादी जाहीर करते, पेपरात येते. त्या दिवशी मरीन ड्राइव्हला रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला उभे राहा, लाट कठड्यावरून उडून थेट फुटपाथवर येते, तिथूनही पुरेसे भिजाल. आणि मोठी भरती आणि जोरदार पाऊस एकाच वेळी आले तर फिरणं रद्द करा, शहराचं पाणी समुद्रात जायला जागाच नसते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच दुपारी मोठी भरतीही होती, तो दिवस अजून प्रत्येक घरात सांगितला जातो. महापालिकेच्या आपत्कालीन मदतीचा नंबर १९१६, फोनमध्ये टाकून ठेवा.

स्टेप ३: कुठून कुठे जायचं

पटकन सांगतो. दक्षिणेकडच्या जागांना चर्चगेट, चर्नी रोड, सीएसएमटी. मेट्रो ३ आता आरेपासून कफ परेडपर्यंत जाते, जमिनीखालून आणि एसीत, त्यामुळे नवख्या माणसाला लोकलपेक्षा सोपी. सकाळी आठ ते अकरा दक्षिणेकडे आणि संध्याकाळी पाच ते साडेआठ उत्तरेकडे लोकलमध्ये लहान मुलं घेऊन चढू नका. रविवारी मेगाब्लॉक (रुळांच्या दुरुस्तीसाठी काही तास लोकल बंद) असतो तो आदल्या दिवशी बघा. रिक्षा फक्त वांद्रे आणि सायनच्या उत्तरेला मिळतात, दादरला उतरून रिक्षा शोधत उभं राहाल तर शोधतच राहाल, तिथे टॅक्सी किंवा बेस्टची बस.

आणि वर्सोवा नावाचं मेट्रो स्टेशन वर्सोव्याच्या समुद्रावर नाही. तिथून रिक्षा करावी लागते. यात खूप लोक फसतात.

स्टेप ४: पहिली संध्याकाळ मरीन ड्राइव्ह

सुरुवात इथूनच करा, कारण ही एकच जागा अशी आहे जिथे पावसाळा सोडला तर भरती असो वा ओहोटी, काही बिघडत नाही. चर्चगेटला उतरा, पाच मिनिटांत समुद्र. सगळा पट्टा साडेतीन किलोमीटरच्या थोडा वर आहे, नरिमन पॉइंटकडून गिरगाव चौपाटीकडे चालत या म्हणजे मलबार हिल समोर राहतो आणि दिवे लागायला लागले की त्यांचा गळ्यातल्या हारासारखा आकार हळूहळू दिसतो. पाठीमागच्या इमारतींकडे पण बघा, गोल बाल्कन्या, जहाजासारखे कोपरे, ही आर्ट डेको शैली. ओव्हल मैदानाभोवतीच्या इमारती आणि या मिळून २०१८ मध्ये जागतिक वारसा यादीत गेल्या.

कठड्यावर बसा, पण पलीकडच्या त्या चार पायांच्या सिमेंटच्या दगडांवर, टेट्रापॉडवर, उतरू नका. वरून कोरडे दिसतात, खाली शेवाळ असतं आणि मधल्या फटीत माणूस गेला की त्याला बाहेर काढायला अग्निशमन दलच लागतं. सेल्फीसाठी दर वर्षी कोणी ना कोणी उतरतंच.

चालत गिरगाव चौपाटीला पोचाल. इथे लोकमान्य टिळकांचा पुतळा आहे, ऑगस्ट १९२० मध्ये त्यांच्यावर याच वाळूत अंत्यसंस्कार झाले. भेळ, कुल्फी, पाणीपुरी वगैरे स्टॉलवर मिळेल, स्टॉलवाले हाका मारून मारून बोलावतात, आधी भाव विचारून मगच चटईवर बसा. पाय दुखत नसतील तर दुसऱ्या दिवशी सकाळी वर वाळकेश्वरला बाणगंगा बघून या. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर गोड्या पाण्याचं तळं, चारी बाजूंनी दगडी पायऱ्या, शिलाहारांच्या काळातलं. तिथे बदकं पोहत असतात आणि आजूबाजूच्या घरांतून कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात. मला मुंबईतली ही जागा मरीन ड्राइव्हपेक्षा जास्त आवडते.

दक्षिण मुंबईत अजून एक नवीन गोष्ट म्हणजे किनारी रस्त्याच्या कडेचा विहारपथ, प्रियदर्शनी पार्कपासून वरळीच्या दिशेने, २०२५ च्या ऑगस्टमध्ये उघडला. चालायला, सायकलला झकास, सावली मात्र विसरा.

स्टेप ५: उधाणाच्या ओहोटीला खडकांवर

हे सगळ्यात कमी लोक करतात आणि फुकट आहे. अमावास्या किंवा पौर्णिमा, किंवा त्यानंतरचे एक-दोन दिवस धरा, ओहोटीची वेळ बघा (पहाटे सहाच्या किंवा संध्याकाळी सहाच्या पुढेमागे येते) आणि त्याच्या तासभर आधी वांद्र्याला कार्टर रोड नाहीतर बँडस्टँडच्या खडकांवर पोचा. वाळूतलं बघायचं असेल तर गिरगाव किंवा जुहू.

पहिली दहा मिनिटं काहीच दिसत नाही. काळे खडक, प्लास्टिकच्या पिशव्या, वास. मीही पहिल्यांदा वैतागलो होतो. मग एका जागी उकिडवा बसलो, परातीएवढं डबकं होतं, त्यात चार शंख पडलेले. बघतोय तर एक शंख चालायला लागला. मग दुसरा. आत छोटे खेकडे, रिकाम्या शंखात घर करून राहणारे. माझी सावली पडली की आत, सावली हलली की परत बाहेर. कडेला फुलासारखं काहीतरी हिरवट चिकटलेलं होतं, पाण्यात हात घातला नाही तरी नुसत्या हलक्या लाटेने मिटलं. नंतर कळलं ते समुद्रफूल, सी ॲनिमोन, फूल नव्हे प्राणी. तेवढ्या वेळात बाजूला कोळीवाड्यातली एक बाई खडकावरची कालवं फोडून डब्यात भरत होती, माझ्याकडे बघून म्हणाली, "काय हरवलं का?"

मुंबईच्या किनाऱ्यावर ऑक्टोपस, समुद्री गोगलगायी, स्पंज, एवढंच काय प्रवाळ पण आहेत, किनारी रस्त्याच्या कामासाठी हाजी अली-वरळीकडचे प्रवाळ २०२० मध्ये उचलून दुसरीकडे लावावे लागले होते. 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' नावाचा नागरिकांचा उपक्रम २०१७ पासून अशा ओहोटीच्या फेऱ्या काढतो, पहिल्या वेळी त्यांच्याबरोबर गेलात तर बरं, कारण कशाकडे बघायचं ते कळतं.

नियम थोडेच पण पाळा. ग्रिप असलेले जुने बूट घाला, चपला नकोत. शंख उचलू नका, सुरेख नक्षीचे जे निमुळते शंख असतात त्यातल्या काही गोगलगायी विषारी असतात आणि रिकाम्या शंखात दुसऱ्याचा संसार असू शकतो. दगड उलटलात तर परत होता तसा ठेवा. आणि पाणी वळलं की निघा. भरती समोरून येताना दिसते असं आपल्याला वाटतं, पण ती आधी आपल्या मागच्या खोलगट भागात भरते आणि आपण मधल्या खडकावर राहतो. ओहोटीची वेळ झाली की मोबाइलला अलार्म लावून ठेवा, तो वाजला की काठाकडे चालायला लागायचं.

वाळूत चालताना आणखी एक. २०१३ च्या गणपतीत गिरगाव चौपाटीवर विसर्जनाला गेलेल्या बऱ्याच लोकांना पाकटाने (स्टिंग रे, चपटा मासा) डंख मारला होता. पाकट वाळूत अंग पुरून बसतो, पाय त्याच्यावर पडला की शेपूट मारतो. म्हणून उथळ पाण्यात पाय उचलून टाकण्यापेक्षा घासत चाला, तो स्वतःच पळतो. आणि पावसाळ्यात जुहू-गिरगावला निळ्या फुग्यासारखे ब्लू बॉटल, जेलीफिशसारखे प्राणी, वाहून येतात, दिसायला गोड, दोरीसारखे धागे झोंबतात. लागलंच तर चोळू नका, समुद्राच्या पाण्यानेच धुवा, चिकटलेले धागे अलगद काढा, सोसेल इतक्या गरम पाण्यात तो भाग धरा आणि डॉक्टर गाठा. पाकटाच्या डंखाला तर थेट हॉस्पिटल.

स्टेप ६: लाँचचा दिवस

गेटवे ऑफ इंडियाला सकाळी पोचा. गेटवे १९२४ चा, फोटो काढा, पुढे व्हा. आता दोन पर्याय आहेत, घारापुरी किंवा मांडवा-अलिबाग. दोन्ही एका दिवसात बसवू नका.

घारापुरी म्हणजे ज्याला सगळे एलिफंटा म्हणतात ते. लाँचने तासभर. सोमवारी लेणी बंद असतात, हे वाक्य दोनदा वाचा, कारण सोमवारी गेटवेवर तोंड पाडून उभे असलेले लोक मी स्वतः बघितलेत. सकाळच्या पहिल्या लाँचपैकी एखादी पकडा, नऊच्या आसपास सुरू होतात. धक्क्यावरून छोटी गाडी आहे, मग सव्वाशेच्या आसपास पायऱ्या, दोन्ही बाजूंना दुकानं. म्हाताऱ्यांसाठी डोली मिळते. माकडं पायऱ्यांवरच बसलेली असतात आणि त्यांना तुमच्या हातातली बाटली तुमच्यापेक्षा चांगली उघडता येते, खायचं सगळं बॅगेत ठेवा. मुख्य लेण्यात शिरल्यावर लगेच फोन काढू नका, बाहेरच्या उन्हातून आत डोळे जमायला मिनिटभर लागतो, मग अंधारातून ती वीस फुटांच्या आसपासची त्रिमूर्ती हळूहळू समोर येते. त्या वेळी आजूबाजूची शाळेची सहलसुद्धा दोन सेकंद गप्प बसते. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी एलिफंटा नाव पाडलं तो आता बेटावर नाही, भायखळ्याला डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. आणि बेटावर नुसती लेणी नाहीत, शेतबंदर, राजबंदर, मोराबंदर अशी तीन वस्तीची गावं आहेत, तिथे कायमची वीज पोचली २०१८ मध्ये, समुद्राखालून केबल टाकून. मुंबईचे दिवे रोज समोर दिसत असून.

लाइफ जॅकेट घाला. घालायला सांगतात तेव्हा लोक हसतात, घामट वास येतो, पट्टा तुटलेला असतो, सगळं मान्य. १८ डिसेंबर २०२४ ला याच वाटेवर लाँचला अपघात होऊन माणसं गेली. पट्टा तुटका असेल तर दुसरं मागा. हिवाळ्यात लाँचमागे सीगलचे थवे येतात, लोक त्यांना वेफर्स टाकतात, फोटो भारी येतो पण पक्ष्यांचं पोट बिघडतं, टाकू नका.

दुसरा पर्याय अलिबाग. गेटवेहून मांडव्याला लाँच, आणि पुढे अलिबागच्या बसचं भाडं बऱ्याच कंपन्यांच्या तिकिटातच असतं. ही लाँच पावसाळ्यात बंद. गाडी घेऊन जायची असेल तर माझगावच्या भाऊच्या धक्क्यावरून रो-रो आहे, २०२० पासून, ती हवामान बरं असेल तर पावसाळ्यातही चालते. अलिबागला परत तिथीचं गणित: समोरच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं आणि भरतीला तो पाण्यात उभा असतो. एका दिवसात जाऊन यायचं असेल तर मला एकादशी-द्वादशी सोयीची पडते, ओहोटी दोन-तीनच्या सुमारास, त्याआधी तासभर निघायचं, घोट्याएवढं पाणी तुडवत किल्ल्यात, आत गोड्या पाण्याची विहीर, गणपतीचं देऊळ, आणि पाणी वळायच्या आत परत. भांगात पाणी पूर्ण उतरत नाही, तेव्हा गुडघाभर पाण्यातून जायची तयारी हवी नाहीतर घोडागाडी. किनाऱ्यावरचे घोडागाडीवाले वेळ बरोबर सांगतात, पण ते "लवकर करा" असंही नेहमी सांगतात, दोन्हीतला फरक ओळखा. परतीची शेवटची लाँच किती वाजता ते सकाळीच विचारून ठेवा.

भाऊच्या धक्क्यावरून उरणच्या मोऱ्याला पण लाँच जाते, पण मोठ्या ओहोटीला मोऱ्याच्या बाजूला चिखल उघडा पडतो आणि लाँच धक्क्याला लागतच नाही. तिकीट खिडकीवर पाटी लावतात, माणसं खांद्यावर पिशव्या घेऊन पाणी यायची वाट बघत बसलेली असतात. ते दृश्य मला फार मुंबईचं वाटतं, एवढी घाई असलेलं शहर आणि इथे चंद्रासाठी थांबलेलं.

स्टेप ७: शिवडीचे फ्लेमिंगो

हार्बर लाइनवर शिवडीला उतरा, पूर्वेला बाहेर पडा, ट्रक आणि गोदामांमधून वीसेक मिनिटं चालत जेट्टी. रस्ता बघून वाटेल चुकलो, चुकला नाहीत. डिसेंबर ते मे हा सीझन. इथे पूर्ण भरतीला गेलात तर पक्षी दूर कांदळवनाकडे आणि पूर्ण ओहोटीला गेलात तर चिखलात पार लांब, गुलाबी रेघ नुसती. मधली वेळ हवी, पाणी चढत किंवा उतरत असतानाची, तेव्हा ते काठाच्या जवळ चरतात, मान खाली, चोच उलटी, पाय आपटत पुढे. अष्टमीच्या आसपास गेलात तर सकाळी आठ-नऊला ही वेळ जमते आणि उजेडही छान असतो. पाठीमागे अटल सेतू, २०२४ मध्ये सुरू झालेला, जवळपास बावीस किलोमीटरचा, आणि पुढे त्याची काही पडलेली नसलेले हजारो पक्षी. दुर्बीण न्या. पक्षी उडावेत म्हणून टाळ्या वाजवणारा एक तरी माणूस तिथे असतो, तो तुम्ही होऊ नका.

बोटीतून बघायचे असतील तर ऐरोलीला वनखात्याच्या केंद्रातून ठाणे खाडी अभयारण्यात फेरी निघते, वेळा अर्थातच भरतीवर ठरतात.

स्टेप ८: वेसावे, मढ, गोराई

उत्तरेचा समुद्र निवांत आहे पण तिथे जरा जपून. वेसाव्याच्या (म्हणजे वर्सोव्याच्या) कोळीवाड्यातून मढला फेरीबोट जाते, पाच मिनिटांचा प्रवास, माणसं, सायकली, स्कूटर, मासळीच्या टोपल्या सगळं एकत्र. ऐटबाज क्रूझपेक्षा हा प्रवास जास्त मजेचा. पलीकडे उतरलात की बांबूच्या मांडवांवर वाळत घातलेले बोंबील, जबडे एकमेकांत अडकवून टांगलेले. मढचा किल्ला बाहेरूनच बघावा लागतो, हवाई दलाच्या ताब्यात आहे. पुढे एरंगळचं जुनं चर्च, तिथे जानेवारीत जत्रा असते, देवाच्या दारात मराठी बोलणारे ईस्ट इंडियन ख्रिस्ती, कोळी, आगरी सगळे.

अक्सा बीच लागेल. वाळू सुंदर, सूर्यास्त सुंदर, आणि पाण्यात जाऊ नका. तिथे तळाची वाळू सरकते, कालचा उथळ भाग आज खड्डा असतो, ओहोटीला पाणी आत ओढतं, पट्टीचे पोहणारे बुडालेत. घोट्याएवढं पाणी बास. खरं तर मुंबईच्या कुठल्याच चौपाटीवर पोहावं असं मी सांगणार नाही, पाणीही तितकं स्वच्छ नसतं. तरी कधी ओढलं गेलातच तर काठाच्या दिशेने झगडत दमू नका, काठाला समांतर पोहत ओढ संपली की मग वळा, आणि हात वर करून ओरडा. लाल झेंडा दिसला, जीवरक्षकाने शिट्टी मारली, तर त्याच्याशी वाद घालू नका, त्याने तुमच्यासारखे खूप बघितलेत.

मनोरीला मार्व्याहून आणि गोराईला बोरिवलीहून फेरीबोट मिळते. गोराईचा विपश्यना पॅगोडा सोनेरी, आतला घुमट एकाही खांबाशिवाय उभा, शांतता हवी असेल तर तिथे.

स्टेप ९: मासे

ससून डॉक पहाटे पाचला. १८७५ पासूनची गोदी, कुलाब्याला. घसरणारी जमीन, बर्फ, ओरडा, लिलाव, डोक्यावर टोपली घेतलेल्या बायका, "ए, सरक!" तुम्ही कुठेही उभे असलात तरी वाटेतच असता. जुने बूट, जुनी पँट, आणि फोटोआधी विचारा, काहींना आवडत नाही आणि गोदीत कॅमेऱ्याला परवानगीची भानगड असते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, तेव्हा जाऊन उपयोग नाही आणि त्या दिवसांत हॉटेलात "आजचं ताजं पापलेट" म्हणाले तर ऐकून हसा आणि भाजी मागवा, नाहीतर सुकट. नारळी पौर्णिमेला वरळी किंवा वेसाव्याला जा, सोन्याचा नारळ सजवून मिरवणूक निघते, आणि मग बोटी परत पाण्यात.

पहिल्यांदाच मासे खाणार असाल तर काटे कमी म्हणून सुरमई घ्या, जमलं तर दुसऱ्या दिवशी ओल्या बोंबलाची कुरकुरीत तुकडी, आणि मग मांदेली, जी मोजून खायची नसते.

बॅगेत काय ठेवायचं ते मी पाहुण्यांना आता लिहूनच पाठवतो: पाण्याची बाटली, टोपी, जुने बूट, एक जास्तीची पँट, फोनसाठी प्लास्टिकची पिशवी. गेल्या वर्षी मामा परत आला तेव्हा या यादीच्या उत्तरात त्याने फक्त एक फोटो पाठवला, त्यांच्या घरच्या कॅलेंडरचा. सप्तमीभोवती पेनाने गोल केला होता आणि खाली लिहिलं होतं, "सव्वापाच. मग हाजी अली अकराला चालेल ना?"

चालेल म्हणालो. त्या दिवशी अकराला वाट पूर्ण कोरडी होती.